गव्हाणीजवळ बैल होते का, आणि नसले तर?

सलाम.

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो, नाहीतर भलत्याच प्रश्नाला लांबलचक उत्तर व्हायचं. तुम्ही दर नाताळाला घरी गोठा मांडता. यंदा बारा वर्षांच्या मुलीनं बायबल पुढ्यात ठेवून विचारलं, यात बैल कुठंय? गाढव कुठंय? राजे तीनच होते हे कुठं लिहिलंय? पंचवीस डिसेंबर कुठंय? तुम्ही गप्प बसलात. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीत, की नाताळच्या उपासनेला जातो, गाणी म्हणतो, पण बऱ्याच वर्षांत आत काही हललेलं नाही, मग हे सगळं आपण आज नेमकं कशासाठी करतो?

मुलीचा प्रश्न सोपा आहे. तुमचा अवघड आहे. सोप्याचं उत्तर सापडलं की अवघडही मिटला असं वाटतं. मी स्वतः त्यात फसलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अठ्ठावीस वर्षं झाली मला नगर जिल्ह्यात पाळक म्हणून. बहुतेक सेवा ऊसपट्ट्यातल्या लहान मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चांत गेली.

पहिली कबुली ही, की उत्तर तुम्ही कुठल्या मंडळीत वाढलात यावर बरंच अवलंबून आहे. वसईकडच्या कॅथलिक कुटुंबांत गोठा ही घरोघरची गोष्ट. मध्यरात्रीच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, बाळाच्या मूर्तीच्या पायांचा मुका घेणं ही भक्तीची रीत. आमच्याकडच्या जुन्या मंडळ्यांत मूर्ती म्हटलं की काही वडीलधारे अजून अवघडतात. त्याला कारण आहे. १८३१ साली नगरला काम सुरू करणारं अमेरिकन मिशन मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या मंडळ्यांतून निघालं, त्यांचं मूळ प्युरिटन, म्हणजे सण-मूर्तींना विरोध करणाऱ्या कडक पंथाचं. आणि त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड होता! असल्या वळणाच्या लोकांनी उभ्या केलेल्या मंडळ्यांत आज पेटी-तबल्यावर नाताळची भजनं होतात, करंज्या-अनारशांचे डबे घरोघर फिरतात, दिवाळीचा चांदणीचा कंदील महिन्याभरात पुन्हा खाली उतरतो. मला दरवर्षी याची गंमत वाटते. तेव्हा गोठा मांडलाच पाहिजे असंही नाही, आणि मांडला तर काही बिघडतं असंही नाही.

दुसरं, घरात त्या वर्षी काय घडलंय यावरही अवलंबून आहे. त्याकडे पुढे येतो.

मुलीला सरळ सांगा, की तुझं बरोबर आहे. जन्माच्या गोष्टीत येशूचं चरित्र लिहिणारा लूक बैलाचं नाव घेत नाही, गाढवाचंही नाही. मागी लोकांची, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्योतिष्यांची गोष्ट फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ते राजे होते किंवा तीन होते असं तो म्हणत नाही, भेटी तीन होत्या एवढंच. शिवाय ते गोठ्यात नाही, घरात येतात, आणि हेरोद राजा दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगतो, म्हणजे मेंढपाळांच्या रात्री ते तिथं नसावेतच. तारीख कुठल्याच शुभवर्तमानात नाही. २५ डिसेंबर पाळल्याचा सर्वांत जुना पुरावा रोममधला, ३३६ सालच्या आसपासचा. आर्मेनियन मंडळी आजही जन्म ६ जानेवारीलाच पाळते. आणि 'जागा नाही' म्हणून दार लावून घेणारा तो धर्मशाळेचा मालक, संडेस्कूलच्या नाटकातलं सर्वांत लाडकं पात्र, तो तर पूर्ण आपला आहे.

पाळक झाल्यावर दुसऱ्याच नाताळाला मी हे सगळं उपदेशात सांगितलं होतं. नुकताच शिकून आलेलो, दोन ग्रीक शब्द येत होते, चाळीस मिनिटं बोललो. बैल काढले, राजे काढले, मालक काढला. उपासना झाल्यावर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीतले एक शेतकरी गृहस्थ दाराशी थांबले. त्यांच्याकडे खिल्लारी जोडी होती. हात मिळवत म्हणाले, "पाळकसाहेब, सगळं पटलं. पण बैल काढलेत, मग लेकराला ऊब कुठली?"

मी हसलो. दोन-तीन दिवसांनी वाटलं, हसायला नको होतं. डिसेंबरात पहाटे गोठ्यात शिरलेल्या माणसाला कळतं ते काय म्हणत होते. बाहेर दवानं पत्रे ठिबकत असतात आणि आत जनावरांच्या श्वासानं, शेणामुताच्या वाफेनं हवा कोमट झालेली असते. माझा उपदेश चुकीचा नव्हता. पण मी फक्त काय नव्हतं ते सांगितलं, काय होतं ते सांगायचं राहूनच गेलं.

आता बैलांचीच बाजू घेतो. जन्माच्या गोष्टीत लूक 'गव्हाण' हा शब्द तीनदा वापरतो. मरीया बाळाला गव्हाणीत ठेवते, देवदूत मेंढपाळांना गव्हाण हीच खूण सांगतो, आणि मेंढपाळांना बाळ सापडतं ते गव्हाणीतच. मूळ ग्रीक शब्द 'फात्ने'. हाच शब्द लूकमध्ये चौथ्यांदा येतो तेराव्या अध्यायात. तिथं येशू विचारतो, शब्बाथ, म्हणजे विसाव्याच्या दिवशी तुम्ही आपला बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेत नाही का? कुठून सोडून? फात्नेपासून. आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात बैल धन्याला ओळखतो, गाढव आपलं ठाण ओळखतं, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, अशी देवाची तक्रार आहे. तिच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही हाच शब्द. चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती शवपेट्यांवरच्या कोरीव कामात बाळाशेजारी बैल आणि गाढव दिसतात ते यशयामुळे. तेव्हा ते बैल इतिहासाच्या खात्यात नाहीत, पण उगाच आलेलेही नाहीत. ओळखायला हवं त्यांनी ओळखलं नाही आणि मुक्या जनावरांनी ओळखलं, हे सांगायला कोणीतरी त्यांना तिथं आणून बांधलंय.

उतारशाळेचंही तसंच. मराठी बायबलात 'उतारशाळेत जागा नव्हती' असं आहे, आणि लगेच आपल्या डोळ्यांपुढे लॉज येतो. मूळ शब्द 'कातालुमा' म्हणजे उतरायची खोली. शेवटच्या भोजनाच्या माडीवरच्या खोलीलाही लूक हाच शब्द वापरतो. येशूच्या दाखल्यातला दयाळू शमरोनी जखमी माणसाला पैसे देऊन ठेवतो त्या खाणावळीला लूककडे वेगळा शब्द आहे. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की कोणी हाकलून दिलं नसावं. घर नातेवाइकांचं, पाहुण्यांची खोली भरलेली, आणि एकाच छपराखाली एका अंगाला जनावरं बांधलेली, तिथं जागा करून दिली असावी. आपल्या खेड्यातल्या जुन्या घरात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दुसरीकडे, दुसऱ्या शतकापासून ती जागा गुहा म्हणून सांगितली गेली आणि बेथलेहेमचं चर्च त्या गुहेवरच उभं आहे. मला दोन्ही चालतं.

आता तुमचा प्रश्न. गव्हाण या शब्दाचं मला आमच्या पट्ट्यात फार सुख आहे. शहरातल्या मुलांना तो नुसता बायबलचा शब्द वाटतो. आमच्याकडे दिवाळीच्या मागेपुढे कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की पेपरात छापून येतं, 'गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ'. ऊस जिथं पहिल्यांदा पडतो आणि पुढे चरकात जातो, ती कारखान्याची गव्हाण. एकदा संडेस्कूलमध्ये एका पोरानं विचारलं होतं, "येशूला मोळीसारखं टाकलं?" सगळे हसले. मी घरी जाऊन त्यावर विचार करत बसलो, कारण पुढे त्याचं झालं ते काही त्याहून फार वेगळं नव्हतं.

गव्हाण ही खाण्याची जागा. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच भाकरीचं घर. आणि प्रभुभोजनाच्या मेजावर आम्ही म्हणतो 'भाकर'. एका कुशीत जन्मलेलं लेकरू भाकरीच्या घरात, खाण्याच्या भांड्यात ठेवलंय. लूकनं हे ठरवून लिहिलं की नाही यावर वाद घालता येईल, पण मंडळीनं ते फार लवकर वाचलं. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी असीसीच्या फ्रान्सिसनं गोठा मांडला. आपण त्याला गोठ्याचा जनक म्हणतो. त्याचं जुनं वर्णन पाहा. खरा बैल, खरं गाढव, खरं गवत. मरीयेची मूर्ती नाही, योसेफाची नाही. आणि गव्हाणीपाशीच पवित्र भोजनाचा विधी. म्हणजे त्या गोठ्यात बाळाच्या जागी काय होतं? भाकर होती. आम्ही आता नाताळच्या सकाळी प्रभुभोजनाचं मेज आणि गव्हाण शेजारी-शेजारी ठेवतो. कोणी त्यावर भाषण करत नाही.

एवढ्यानं तुमच्या आत काही हलेल असं मी म्हणत नाही. माझ्या आत हललं ते पुस्तकानं नाही.

आमची कॅरलची फेरी असते, डिसेंबरच्या मध्यापासून रोज रात्री. दहा-बारा तरुण, ढोलकी, गिटार, एक जण सांताक्लॉजच्या वेषात. एका वर्षी एका वस्तीवरून परतताना कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड कामगारांचा तळ लागला. वीस-पंचवीस कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, टायरगाड्या, बैल बांधलेले. बीडकडची माणसं. आमचा आवाज ऐकून पोरं धावत आली, सांताक्लॉजनं गोळ्या वाटल्या. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "ह्यो कंचा देव?" मी म्हटलं, हा देव नाही मावशी, हा पोरांना खाऊ वाटतो. मग सण कसला ते सांगितलं. येशू, बेथलेहेम, नावनिशीसाठी निघालेले नवरा-बायको, दिवस भरलेले, जागा नाही, गव्हाणीत ठेवलेलं लेकरू. ती ऐकत होती. मागच्या कोपीत तिची सून चार दिवसांची बाळंतीण होती हे मला नंतर कळलं. तिनं एवढंच विचारलं, "बाळंतिणीपाशी कोण व्हतं?"

मला उत्तर येईना. इतकी वर्षं ती गोष्ट वाचून दाखवतोय, हा प्रश्न मला पडला नव्हता. घरी येऊन लूकचा दुसरा अध्याय उघडला. तिनं त्याला बाळंत्यानं गुंडाळलं, तिनं गव्हाणीत ठेवलं. तिनंच. सुईण नाही, आई नाही, सासू नाही. योसेफ होता, पण चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. त्या सातव्या वचनात सगळं काम एकटी बाळंतीण करते.

दुसऱ्या दिवशी आमची पाळकबाई आणि मंडळीतल्या दोघी जणी तळावर गेल्या. मीही गेलो, पण बाहेर थांबलो. कोपीचं दार इतकं बुटकं, की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. खाली पाचटाचा थर, वर गोधडी, बाळ जुन्या लुगड्याच्या बाळंत्यात. बाहेर बैल वाढं खात होते. डिंकाचे लाडू, थोडं तूप, टोपडं असं काही त्यांनी नेलं होतं. सून म्हणाली, पाच-सहा दिवसांनी कोयत्यावर जावं लागणार, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीय. दुसऱ्याच्या वहीत नाव आहे म्हणून दिवस भरलेली बाई शंभर-दीडशे किलोमीटर चालत किंवा गाडीवर येते. कैसराच्या नावनिशीनंही तेच केलं होतं, नासरेथ ते बेथलेहेम अंतरही साधारण तेवढंच.

मला त्या कोपीत येशू दिसला वगैरे मी म्हणणार नाही. ते कुटुंब त्यांच्या देवाचं, आम्ही आमच्या. त्यांचं हाल झालेलं जगणं आमच्या नाताळच्या देखाव्यासाठी वापरावं हे मला आवडत नाही, आणि कोणी उपदेशात तसं केलं तर मी अस्वस्थ होतो. पण योहानाच्या पहिल्या अध्यायातलं 'शब्द देही झाला, व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली' हे वचन त्यानंतर मला पहिल्यासारखं वाचता आलं नाही. वस्ती आमच्या ओळखीचा शब्द. शेतातल्या घरांची वस्ती, रात्रीच्या मुक्कामाची वस्तीची एसटी. मूळ ग्रीकमध्ये 'तंबू टाकला' असा अर्थ आहे. आमच्या भाषेत, कोपी घातली. देव बंगला बांधून राहिला नाही. हंगामापुरती माणसं राहतात तसा राहिला, पाऊस आत येतो अशा ठिकाणी. ख्रिस्ती माणूस नाताळाला आजही जे कबूल करतो ते मला विचाराल तर हे आहे. आणि मेंढपाळांना दिलेली खूणही तशीच. प्रकाश नाही, सिंहासन नाही; बाळंतं आणि गव्हाण, कुठल्याही गरिबाघरी सापडतील अशा दोन वस्तू. देव शोधायचा तर कुठे बघायचं याचा तो पत्ता आहे.

आता तुम्हाला काही का वाटत नाही याबद्दल माझा अंदाज. आपण गोठा पुरा करून टाकतो. मेंढपाळ आले, राजे आले, तारा लागला, सगळे एकाच रात्री पोचलेत आणि बाळाकडे बघताहेत. मग आपल्याला करायला उरतं काय? फोटो. शुभवर्तमानांत मात्र सगळे वेगवेगळ्या वेळी वाटेत आहेत, आणि एक गट जागचा हलतच नाही. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद शास्त्र्यांना विचारतो, ख्रिस्त कुठं जन्मणार? ते क्षणात बरोबर उत्तर देतात: बेथलेहेम. वचनही म्हणून दाखवतात. यरुशलेमपासून बेथलेहेम आठ-नऊ किलोमीटर. त्यांच्यापैकी कोणी गेल्याचं लिहिलेलं नाही. परके लोक कुठून कुठून चालत आले, आणि ज्यांना पत्ता पाठ होता ते घरी राहिले. तो चाळीस मिनिटांचा उपदेश करणारा मी त्यांच्यातलाच.

म्हणून तुम्हाला मी गोठा बंद करा म्हणत नाही. पुरा करू नका म्हणतो. आमच्याकडे नाताळच्या आधीच्या चार रविवारी, आगमनकाळात, गव्हाण रिकामीच असते. बाळ २४च्या रात्री. मागी लोक त्या दिवशी चर्चच्या मागच्या खिडकीत असतात आणि रोज एकेक बाक पुढे येत ६ जानेवारीला पोचतात. घरी फडताळापासून टेबलापर्यंत आणा, मुलीलाच सरकवू द्या. लूकची गोष्ट आणि मत्तयाची गोष्ट वेगवेगळ्या दिवशी वाचा, खिचडी करू नका. आणि त्या काळात एकदा तरी कोणाकडे तरी जा, जिथं जायला वाकावं लागतं. बेथलेहेमच्या चर्चचं दारही जेमतेम चार फूट उंचीचं आहे. कुठं जायचं ते मी सांगू शकत नाही. तुमच्या पुण्यात ते कुठंही असेल, तुमच्या सोसायटीच्या वॉचमनची खोलीसुद्धा. गाजावाजा करून जाऊ नका, फोटो तर नकोच.

मघाशी घरात काय घडलंय त्यावर अवलंबून आहे म्हटलं ते राहिलं. आमच्या मंडळीत एका तरुण जोडप्याचं मूल बाळंतपणातच गेलं. त्या नाताळाला ती आली नाही, नवरा एकटाच मागच्या बाकावर. सगळीकडे बाळ, पाळणा, अंगाई. मी त्याला म्हटलं, घरी जा, तिच्यापाशी बस, तीच आज तुमची उपासना. नंतर २८ डिसेंबरला, हेरोदानं मारलेल्या मुलांच्या आठवणीचा दिवस असतो, तेव्हा एक छोटी प्रार्थनासभा ठेवली. राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते, हे मत्तयानं जन्माच्या गोष्टीतच लिहून ठेवलंय. आपण देखाव्यात ते कधी घेत नाही. त्या सभेला ती आली. काही बोलली नाही, पण आली. आता ती सभा दरवर्षी होते आणि तिला माणसं नाताळाहून कमी असतात, पण येणारी चुकत नाहीत. तुमच्या आत काही न हलण्यामागे असलं काही असेल, तर वर लिहिलेलं बाजूला ठेवा आणि तुमच्या पाळकांशी किंवा फादरांशी समोर बसून बोला. लिहून ते भागत नाही.

आणि मुलीला लूक १३:१५ वाचायला द्या, मग बैल ठेवायचा की नाही ते तिलाच ठरवू द्या. आमच्या चर्चच्या गोठ्यातल्या बैलाचं एक शिंग मोडलंय. नवा घ्यायचा ठराव पंचकमिटीत दोनदा मंजूर झाला. पण संडेस्कूलची पोरं दरवर्षी तोच शोधून काढतात, मोडकी बाजू भिंतीकडे करतात आणि गव्हाणीला अगदी खेटून उभा करतात.